साडूनं वाचून दाखवलेली बातमी

माझा साडू माझ्यापेक्षा वाईट बातमीदार होता, हे मी आजही कुणाच्याही पुढं सांगायला तयार आहे. तो सावकाश होता, त्याची भाषा अळणी होती, आणि सभेला गर्दी किती होती हे सांगताना त्याची जीभ जड व्हायची. तरी परतूरच्या लोकांना बातमी त्याचीच लागायची. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं. वयानं ते दुखणं कमी होईल असं वाटलं होतं, पण झालं नाही.

आधी मी होतो, हे पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. जालना वेगळा जिल्हा झाला आणि तिथल्या पेपरांना तालुक्या-तालुक्यात वार्ताहर हवे झाले. परतूरमध्ये त्यांनी मला धरलं, कारण माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो, नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन, जिथं चार माणसं जमायची तिथं माझा भोंगा असायचा आणि भोंग्याखाली मी. पगार नव्हता. माझा फोटो चिकटवलेलं एक ओळखपत्र होतं आणि रोज एक अंक फुकट. पण तहसीलमध्ये गेलो की शिपाई खुर्ची पुसून द्यायचा, आणि बायको गाडीत बसली की कंडक्टर तिला विचारायचा, आज साहेबांची काय बातमी? मला तेवढं पुरेसं होतं.

बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळच्या जालना एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. दुपारी घडलेलं गाव सकाळी वाचायचं. बातमी म्हणजे तव्यावरची भाकर, निवली की गेली, असं मी सगळ्यांना सांगायचो. लोक माना डोलवायचे.

मग माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि तिच्या नवऱ्यानं स्टेशनच्या रस्त्यावर टायपिंगचे वर्ग काढले. सडपातळ, कमी बोलणारा, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. तो मला दाजी म्हणायचा. मी त्याला साडभाऊ म्हणायचो, मनात काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही. जालन्याच्याच दुसऱ्या एका पेपरला परतूरचा माणूस पाहिजे होता आणि टाइप केलेल्या बातमीवर ते भाळले. माझी बातमी हातानं लिहिलेली जायची. तिथूनच माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

त्याची एक रीत होती. ज्याच्याविरुद्ध बातमी असेल, त्याच्या दारात तो स्वतः जायचा आणि बातमी त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा. ग्रामसेवक असो, ठेकेदार असो, हेडमास्तर असो. मग विचारायचा, "ह्यात काय चुकलंय? तुमचं काय म्हणणं हाय?" ते म्हणणं खाली जोडायचा आणि मगच पाकीट गाडीवर. कुणी शिव्या द्यायचं, कुणी चहा पाजायचं. एका ठेकेदारानं तर त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं. दुसऱ्या दिवशी हा परत गेला, कारण कुत्रं आलं तेव्हा शेवटच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या होत्या.

या सगळ्यात त्याची बातमी एक दिवस, कधी दोन दिवस उशिरा यायची. मी हसायचो. चारचौघांत त्याला शिळा पेपर म्हणायचो. "साडभाऊ, तुमच्या बातमीत मीठ न्हाई," असं एकदा तोंडावर म्हणालो. माझ्या बातमीत सभा भव्य असायची, प्रतिसाद उत्स्फूर्त असायचा, जमाव संतप्त असायचा. त्याच्या बातमीत सभा नुसती सभाच. तो म्हणाला, "दाजी, हजारो लोक आल्ते असं तुमी लिहिलं. मी बी तिथंच होतो. आपुन मोजले न्हाईत, मंग हजारो कसं म्हणायचं?"

"ती काय जनगणना हाय का?" मी म्हणालो.

"न्हाई. म्हणून मी लिहिलं की सतरंज्या पुरल्या न्हाईत, लोक शाळेच्या भिंतीवर बसले."

सतरंज्या माझ्या होत्या! गावानं ते वाचलं आणि मला विचारायला लागलं, काय मंडपवाले, सतरंज्या कमी पडल्या म्हणे. त्या माणसाला कुणावर टीकासुद्धा करावी लागत नसे, नुसतं दिसलं ते लिहून तो माझ्या नाकाला मिरच्या झोंबवायचा.

खरी आग लागली ती मोंढ्याच्या बातमीनं. परतूरच्या मोंढ्यात एका हंगामात हमालांनी काम बंद केलं. धान्याच्या गाड्या वेशीपर्यंत उभ्या. मी नेहमीप्रमाणे एका आडत्याच्या गादीवर बसून चहा घेतला, कारण मंडपाचं माझं निम्मं सामान त्याच्याच गोदामात असायचं आणि बसायला तीच माझी जागा होती. तिथंच कागद मागवला आणि लिहून टाकलं: हमालांच्या आडमुठेपणानं मोंढा ठप्प, शेतकऱ्यांचे हाल. त्यात खोटं काय होतं? मोंढा ठप्प होता. हाल होत होते. दुसऱ्या दिवशी ठळक टाइपात आलं आणि आडत्यानं मला पेढा दिला.

दोन दिवसांनी साडूची आली. तो आधी हमालांच्यात जाऊन बसला होता, पोत्यांच्या सावलीत. हमालांचं म्हणणं, पोती ठरल्यापेक्षा जड भरली जातात आणि पाठी आमच्या जातात. ते घेऊन तो आडत्यांकडे गेला. आडते म्हणाले, आम्ही भरत नाही, माल तसाच येतो. ते घेऊन तो गाडीखाली झोपलेल्या शेतकऱ्याकडे गेला. शेतकरी म्हणाला, बारदाना महाग झालाय, चार पोत्यांचं तीन पोत्यांत बसवतो, दुसरं काय करू? एवढी साधी बातमी. कुठं आडमुठेपणा नाही, कुठं संताप नाही. आणि गावात माझी बातमी कुणाला आठवेना. हॉटेलात माझा पेपर समोर पडलेला असताना लोक म्हणायला लागले, "त्या टायपिंगवाल्याची येऊ द्या, मंग कळंल खरं काय ते." मी तिथंच बसून चहा पीत होतो. तो चहा मला आजही घशाखाली उतरल्यासारखा वाटत नाही.

त्याच वर्षी अधिक महिना आला. सासुरवाडी आमची कुंभार पिंपळगावची. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण घालायचं, वाण द्यायचं, तसं दोन्ही जावयांना बोलावणं आलं. दोन पाट शेजारी शेजारी. मी थोरला, माझा पाट आधी. सासरे खाऊनपिऊन सुखी असलेले शेतकरी, पेपर वाचायची भारी हौस, दोन्ही जावयांचे दोन्ही पेपर दुपारच्या गाडीनं मागवायचे. ताटात तूप पडलं आणि ते माझ्यावरून पलीकडं वाकून धाकट्याला म्हणाले, "जावईबापू, ते मोंढ्याचं खरं काय होतं हो?"

माझ्यावरून वाकून! मी त्याच्या दोन दिवस आधी छापून मोकळा झालो होतो, आणि खरं काय ते विचारायचं त्याला. त्यानं घास खाली ठेवला आणि सांगायला लागला. सासूबाई पंखा घालायच्या थांबल्या, त्याही ऐकायला लागल्या. मी पुरणाचा धोंडा अख्खा तोंडात घातला. परत येताना गाडीत बायकोला म्हणालो, तुझ्या बापाला माणसाची किंमत नाही. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुमच्या पेपरात हमाल बोलतच न्हाईत. त्यांच्या पेपरात बोलतात. बाबांना ते आवडतं."

बायकोनं असं म्हणावं! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दोन सुनावल्या असत्या.

त्या दिवसापासून मी एक व्रत घेतलं. सकाळी माझा पेपर बाजूला ठेवायचा आणि आधी त्याचा वाचायचा, हातात लाल पेन्सिल घेऊन. कुठंतरी हा माणूस कलत असणारच. जगात कुणाचं माप सारखं असतं? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी. कुणाचं म्हणणं आधी घातलं, कुणाचं शेवटी, हे मी बघू लागलो, कारण शेवटी बोलणारा लोकांच्या ध्यानात राहतो. कुणी "म्हणाले" आणि कुणी "कबूल केले", हे बघू लागलो. कुणाला फोन लावला आणि कुणाच्या घरी गेला. कुणाचं नाव मथळ्यात. कोणती गोष्ट सांगितलीच नाही. बातमी कशी वाकवता येते याचं एवढं शिक्षण मला माझ्या पेपरनं कधी दिलं नव्हतं, ते जळफळाटानं दिलं. आणि इतकं शिकूनही त्याच्या बातमीत हाती काही लागेना. लाल पेन्सिल झिजत नव्हती, मीच झिजत होतो.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात दाट तिथीच्या दिवशी माझ्याकडं दोन लग्नं आली. एक गावात, एक गावाबाहेर जिनिंगच्या मोकळ्या जागेत. मंडपाच्या धंद्यात कापड कमी पडलं तर चालतं, तणावे कमी पडून चालत नाहीत. तणावे म्हणजे खांब जमिनीतल्या मेखांना बांधून ठेवणारे दोर. माझे तणावे दोन लग्नांना पुरत नव्हते. मी गावातल्या मंडपाला तीन बाजूंनी ताण दिला आणि पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत होती म्हणून ती बाजू सोडली. सकाळी नवरीचा चुलता आला, हातानं खांब हलवून बघितला आणि म्हणाला, "मंडपवाले, हिकडून दोर न्हाईत. वारं सुटलं मंग?"

मी म्हणालो, "काही होत नाही."

दुपारी पंगत बसली आणि वावटळ उठली. भिंतीवरून आली. पश्चिमेचा पाइप उपटून नवरीच्या आत्याच्या खांद्यावर बसला. खांद्याचं हाड मोडलं, टेम्पोत घालून जालन्याला न्यावं लागलं. दवाखान्याच्या अंगणात नवरीच्या चुलत्यानं माझी कॉलर धरली आणि ओरडला, "सकाळी सांगितलं व्हतं तुला! काय म्हणालास? काही होत न्हाई?" साडू तिथंच चार पावलांवर उभा होता. मागनं आलेल्या एसटीनं तोही जालन्याला आला होता, पाव्हण्यांची विचारपूस करायला आणि बातमीलाही.

माझ्या पेपरची बातमी मीच पाठवली. वादळी वाऱ्यानं मंडप कोसळून एक महिला जखमी. वारा खरा होता. मंडप कुणाचा, हे लिहायला जागा पुरली नाही म्हणा. सकाळी ती छापून आली आणि हॉटेलात कुणी तिच्यावर एक शब्द बोललं नाही. सगळे साडूच्या पेपरची वाट बघत होते. माझ्या हाती अजून हंगामातली बरीच लग्नं होती, आणि नवरीकडचे चौकीत जायचं की नाही ते ठरवत होते. वाऱ्यानं पडला म्हटलं तर मंडपवाल्याचं नशीब. सांगूनही बांधला नाही म्हटलं तर मंडपवाला संपला. मग परतूरमध्ये कुणीही मला मंडप सांगणार नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी तो आला. दार वाजलं तेव्हाच मला कळलं, कारण बातमी ज्याच्याविरुद्ध त्याच्या दारात तो येतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. बायकोनं पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्यानं टाइप केलेला कागद काढला, चष्मा पुसला.

"दाजी, वाचून दाखवतो."

"दाखवा."

त्यानं वाचलं. मंडप माझा, माझं नाव. त्या दिवशी माझी दोन लग्नं होती. पश्चिमेच्या बाजूला मेखा ठोकल्याच्या खुणा नाहीत, हे त्यानं जाऊन बघितलं होतं. वावटळ किती जोराची होती तेही लिहिलं होतं, शेजारच्या घराचा पत्रा उडाला होता तो धरून. आत्याबाईंची तब्येत. नवरीकडच्यांची तक्रार, की मंडप नीट बांधला नव्हता. संपलं. त्यानं कागद खाली केला आणि विचारलं, "ह्यात काय चुकलंय? तुमचं काय म्हणणं हाय?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो कागदाकडं बघत होता.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच."

"चुलता दवाखान्यात काय ओरडला ते?"

तो हळू आवाजात म्हणाला, "दोर नव्हते, हे लिहिलंच की दाजी. ते एक न लिहिलं तरी बातमी बराबर राहती."

सापडला! इतकी वर्षं लाल पेन्सिल घेऊन मी जे शोधत होतो, ते तो स्वतःच्या हातानं माझ्या घरी घेऊन आला होता. हा माणूस कलला होता. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यानं गाळली होती, आणि गाळली होती नात्यासाठी. मला उठून नाचावंसं वाटलं. फक्त एक भानगड होती, की तो माझ्याच बाजूला कलला होता. दारातून बायको मान हलवून मला खुणावत होती, की गप्प बसा, गप्प बसा.

गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? धंदा वाचला असता. आणि पुढं जन्मभर दर दिवाळीला, दर बारशाला हा माणूस माझ्यासमोर बसला असता, गुंडी लावून, आणि त्याला माहीत असतं की त्यानं मला वाचवलं, आणि मला माहीत असतं. लोकांच्या लेखी तो न्यायी होताच. आता माझ्या लेखी दयाळूही व्हायचा? एवढं मला सोसण्यासारखं नव्हतं. लोक म्हणतील, माझं मन साफ होतं म्हणून मी पुढं केलं ते केलं. मला विचाराल तर माझ्या मनात त्या घडीला साफ असं काहीही नव्हतं.

"लिहा ते," मी म्हणालो. "न्हाईतर उद्या मीच तुमच्या संपादकाला कळवतो, की तुमचा परतूरचा माणूस नातं बघून बातमी कापतो."

त्याचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायको आत गेली आणि आत भांडं आपटल्याचा आवाज आला. त्यानं खिशातून पेन काढलं आणि टाइप केलेल्या ओळींच्या खाली हातानं लिहिलं, की सकाळी नवरीच्या चुलत्यानं मंडपवाल्याला सावध केलं होतं. मी म्हणालो, मी काय उत्तर दिलं तेही घाला. त्यानं तेही घातलं. अक्षर माझ्याहून वाईट आलं, हे बघून मला बरं वाटलं.

बातमी आली आणि माझा हंगाम गेला. लोक एकेक करून आले, इकडचं तिकडचं बोलले आणि मंडप दुसऱ्याला सांगतो म्हणाले. आडत्यानं गोदामातली जागा मागितली. नवरीकडचे चौकीत गेले नाहीत, तेवढं एक टळलं. जालन्याहून माझ्या पेपरचा माणूस येऊन ओळखपत्र घेऊन गेला, कारण मी स्वतःच्या मंडपाची बातमी नाव न घालता पाठवली हे आता सगळ्यांना कळलं होतं. आणि हॉटेलात, स्टेशनवर, मोंढ्यात एकच चर्चा: "सख्ख्या साडूला बी सोडलं न्हाई! ह्याला म्हणतात बातमीदार." त्याच्या टायपिंगच्या वर्गात म्हणे बसायला जागा उरली नाही.

आठवडाभरानं सासरे पिंपळगावहून आमची विचारपूस करायला आले. धाकटी मेहुणी आणि साडूही आले. सासऱ्यांनी पिशवीतून पेपर काढला, घडी मोडली, आणि चुलत्याची ओळ बोटानं दाखवून मोठ्यानं वाचली. माझ्या घरात, माझ्या समोर. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. पण नात्यातला माणूस असून हे लिवायला छाती लागती."

साडू उठला. तो म्हणाला, "मामा, ती ओळ मी घातलीच नव्हती. गाळून आल्तो. दाजींनी लिहायला लावली."

सासरे त्याच्याकडं बघून हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते म्हणाले, "एवढं करून वर मोठेपणा बी दुसऱ्यालाच देऊन राह्यलाय."

आपलीच साक्ष आपण दिली तर ती कुणी धरत नाही. मी बायकोकडं बघितलं. ती चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होती. जी हमालांच्या बाजूनं बोलली होती, सासऱ्यांच्या बाजूनं बोलली होती, पण माझ्या बाजूनं म्हणून कधी बोलली नव्हती, ती त्या दिवशी म्हणाली, "खरं हाय बाबा. मी दारातच उभी होते. ह्यांनीच लिवायला लावलं."

सासऱ्यांनी तिच्या हातातला कप घेतला. "तू बायको हाय त्यांची," ते मायेनं म्हणाले. "तू आन् दुसरं काय म्हणशील?"